काही कमी केलं नाही

आंधळगावात कुणी मेलं की पहिला फोन यादोराव निमजेंना जायचा. डॉक्टरला नाही, कारण त्याचं काम संपलेलं असायचं. नातेवाइकांना नाही, कारण ते आले की गोंधळ वाढायचा. बांबू किती, गोवऱ्या किती, लाकूड कुणाच्या ट्रॅक्टरनं आणायचं, सुरतला दिलेली पोरगी कधी पोहोचेल आणि तोवर बर्फ लागेल की नाही, हे सगळं यादोरावांच्या डोक्यात धानाच्या रोवण्याच्या कामासारखं लावून ठेवलेलं असायचं. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एकही मयत उशिरा निघाली नव्हती.

मोक्षधामातली शोकसभाही तेच चालवायचे. चिता पेटली, की लोक टिनाच्या शेडखाली बसत. सरपंच बोलत, सोयरे बोलत, आणि शेवटी यादोराव. त्यांच्या भाषणात एक वाक्य ठरलेलं होतं : "पोरानं बापाले काही कमी केलं नाही, नागपूरपर्यंत नेलं." ते ऐकून मुलगा रडायचा आणि गाव मान हलवायचं. हळूहळू या वाक्याची प्रतवारीच तयार झाली. घरी मेला तो बिचारा. भंडाऱ्याच्या दवाखान्यात मेला, त्याच्या पोरांनी निदान हातपाय हलवले. आणि नागपुरात, काचेच्या खोलीत, नाकातोंडात नळ्या घेऊन मेला, तर पोरगा अव्वल नंबर. मेलेल्याला कसं वाटलं, हा रकाना या प्रतवारीत नव्हता.

अशा माणसाला अडुसष्टाव्या वर्षी स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला, आणि घरच्यांनी एकमतानं ठरवलं, की ही गोष्ट त्याला सोडून सगळ्यांना सांगायची.

यादोरावांना सांगितलं गेलं, की पोटात सूज आहे. नागपूरच्या ज्या दवाखान्यात नेलं, त्याच्या दारावर कमरेएवढ्या अक्षरांत 'कर्करोग' लिहिलेलं होतं. मुलगा कैलाश म्हणाला, "पाटी जुनी आहे बाबा, इथं आता सगळंच पाहतात." कैलाशचं गावात कृषी केंद्र होतं. मुदत संपलेल्या औषधाची बाटली फिरवून गिऱ्हाइकाला तारीख न दिसू देण्याचा त्याला सराव होता, पण पाटी फिरवता आली नाही.

आत बाकावर चाळीसेक पेशंट बसले होते. वाट बघता बघता यादोरावांनी प्रत्येकाची चौकशी केली. एकाला गॅस होता. एकीला थायरॉइड. तुमसरच्या एका गुरुजींना घशात काटा अडकला होता, आणि तो जाळायला त्यांना तेहतीस दिवस मशीनखाली झोपवणार होते. चाळिसांत एकालाही कॅन्सर नव्हता. एवढं निरोगी ठिकाण यादोरावांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर सून अंजूनं रिपोर्टची फाइल तांदळाच्या कोठीमागे लपवली. कोठीमागे दर रविवारी उंदराचा पिंजरा कोण लावतं, एवढं तिच्या लक्षात राहिलं नाही. यादोरावांनी फाइल उघडली, चष्मा पुसला, दोन पानं वाचली आणि होती तशी ठेवून दिली. त्या दिवशी पिंजऱ्यात उंदीरही सापडला होता. त्यांनी तो शेतात नेऊन सोडला.

मग ते गप्प का राहिले? कारण हा नियम त्यांनीच गावाला घालून दिला होता. 'पेशंटले सांगाचं नाही, हिंमत खचते,' हे त्यांनी निदान नऊ घरांत सांगितलं होतं. त्या नऊही घरांतला पेशंट त्यांच्याकडे खाटेवरून एका विशिष्ट नजरेनं बघायचा. ती नजर अशक्तपणाची आहे, असं यादोरावांना वाटायचं. आता आरशात तीच नजर दिसली तेव्हा कळलं, की त्या नऊही जणांना सगळं ठाऊक होतं.

नववा माणूस अजून जिवंत होता. श्यामराव, त्यांचा पन्नास वर्षांचा दोस्त. त्याला फुप्फुसाचा कॅन्सर होता आणि सहा महिन्यांपूर्वी त्याच्या मुलाला, प्रफुल्लला, ओट्यावर नेऊन यादोरावांनीच बजावलं होतं, "बापाजवळ हा विषय काढू नको." एकदा श्यामरावाच्या खाटेशी बसून यादोरावांनी तो विषय स्वतःच काढून बघितला.

"श्याम, समज उद्या जास्तच झालं, तर तुले कुठं राहाचं आहे? घरी का दवाखान्यात?"

"काही जास्त होऊन नाही राहिलं," श्यामराव धापा टाकत म्हणाला. "पुढच्या रोवण्याले मी बांधीत उभा दिसीन तुले. असं अभद्र बोलाचं असंन तर चहा पे आन जाय."

यादोरावांनी चहा प्यायला. श्यामरावाला खरंच ऐकायचं नव्हतं आणि तो त्याचा हक्क होता. पण ऐकायचं नसलेल्या माणसासाठी काय करायचं, हेही कधीतरी त्यालाच विचारायला हवं होतं. ते कुणी विचारलं नाही. पंधरा दिवसांनी श्यामरावाचा श्वास अडला, आणि प्रफुल्लनं गावाच्या प्रतवारीप्रमाणे त्याला थेट अव्वल वर्गात दाखल केलं.

यादोराव भेटायला गेले. काचेतून दोन मिनिटं बघू देत. श्यामरावाच्या तोंडात नळी होती आणि दोन्ही हात बँडेजच्या पट्टीनं पलंगाला बांधलेले होते. नर्सनं सांगितलं, "नळी ओढून काढतात ना, म्हणून." यादोराव परतीच्या एसटीत बसले. स्वतःला काय नको, हे त्यांना आता नीट कळलं होतं. प्रश्न एवढाच होता, की ते कुणाला सांगायचं. त्यांना तर सूज होती.

महिन्यातून दोनदा जिल्ह्याच्या दवाखान्यातून उर्वशी सिस्टर घरी यायची. दुखणं किती, झोप किती, हे विचारून गोळ्या द्यायची. दुखण्याला दहापैकी नंबर देण्याची तिची पद्धत होती. पण नंबर यादोरावांना देता येत नसे, कारण ती विचारायची त्यांना आणि उत्तर यायचं घरातून.

"काका, आज किती?"

"दोन," अंजू म्हणे.

"एकच धरा," कैलाश म्हणे. "रात्री थोडसंक होते फक्त."

"आणि पुढच्या उपचाराबद्दल तुमचं काय म्हणणं आहे, काका?"

"मामाजीचं काही म्हणणंच नसते," अंजू कौतुकानं सांगे. आणि यादोरावांची बायको निर्मलाबाई दाराशी उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राही.

एका खेपेला यादोराव सिस्टरला स्कूटीपर्यंत सोडायच्या निमित्तानं बाहेर आले आणि म्हणाले, "बाई, दुखणं सात आहे. आन मले काय आहे ते मले माहीत आहे. नळ्या नको म्हनून लिहून ठेवाचं असंन, तर कोनाले देवाचं?"

उर्वशीनं हेल्मेट काढलं. असा कागद करता येतो, तिनं सांगितलं. शुद्धीत असताना लिहायचा, दोन साक्षीदारांसमोर सही करायची, नोटरीचा शिक्का घ्यायचा. आपल्याला बोलता येईनासं झालं तर आपल्या वतीनं कोण बोलेल, त्याचं नाव त्यात द्यायचं. विचार बदलला तर कधीही रद्द करता येतो. "पण काका, तुमच्या वतीनं बोलणारा माणूस तयार पाहिजे. नाहीतर कागद घरात राहतो आणि गाडी नागपूरला जाते."

तिनं दिलेला त्या कागदाचा नमुना यादोरावांनी रात्री जेवणानंतर कैलाशपुढे ठेवला. कैलाशनं पहिली ओळ वाचली आणि तो साप दिसल्यासारखा मागे सरकला.

"हे कोनं देल्लं तुमाले?"

"कोनं का देल्लं असंना. तुहं नाव टाकाचं आहे यात."

"बाबा, तुमाले सूज आहे. सुजेसाठी कोनी मरनाचा कागद करते का?"

युक्तिवाद बिनतोड होता. कॅन्सर असल्याशिवाय कागद करायचं कारण नव्हतं, आणि कॅन्सर तर घरच्यांच्या मते झालेलाच नव्हता.

"समज, सूज वाढली," यादोराव म्हणाले.

"तर नागपूरले नेऊ. सगळ्यात मोठ्या ठिकानी नेऊ. उद्या लोक काय म्हनतीन? खतं-बियाणं इकून एवढं कमावलं, आन बापाले घरीच मारलं! तुमीच तर सभेत सांगता, पोरानं कसं करावं ते."

यादोरावांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. निर्मलाबाईनं ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी ते साक्षीदाराच्या शोधात निघाले. मंडपवाला बंटी गावातला हुकमी साक्षीदार होता. वय पंचेचाळीस, तरी नाव बंटीच. पळून जाऊन केलेली लग्नं, ट्रॅक्टरची खरेदी, शाळेचे दाखले, जिथं सही लागे तिथं बंटी वाचल्याशिवाय सही करायचा. हा एकच कागद त्यानं वाचला.

"काकाजी, तुमी दुसरं काही बी सांगा. कोनाचं लगन लावून देतो, घटस्फोट करून देतो. पन हे? तुमी शंभर वर्षं जगसान."

"शंभर वर्षं जगलो तरी नळी नकोच आहे. सही कर."

"नाही जमत बावा. उद्या तुमाले काही झालं, तर लोक म्हनतीन बंट्यानं सही केली म्हनून झालं."

तिसऱ्या दिवशी सकाळी श्यामराव गेल्याचा फोन आला. अकरा दिवस. दवाखान्यातून अँब्युलन्स निघाल्यापासूनच गावात आकडा फिरू लागला होता : अकरा दिवस मशीनवर ठेवलं बापाले! आंधळगावात तोवरचा उच्चांक सात दिवसांचा होता. प्रफुल्ल अँब्युलन्समधून उतरला तेव्हा लोकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो कुणाकडेही न बघता सरळ घरात गेला.

यादोरावांनी काठी टेकत, दुखण्याची गोळी जास्तीची घेऊन, सगळी व्यवस्था लावली. पट्ट्यांचे वळ श्यामरावाच्या मनगटांवर तसेच होते. अंघोळ घालताना त्यांनी ते आधी हातानं झाकले आणि मग हात काढून घेतला.

मोक्षधामात कापलेलं धान रचायची पुंजणी सोडून आलेली दीड-दोनशे माणसं होती. चिता पेटली. सरपंच बोलले, श्यामरावाचा मेहुणा बोलला. मग यादोराव उठले. कैलाश पहिल्या रांगेत, मान खाली घालून, हात बांधून बसला होता, शोकसभेत बसतात तसा.

"श्याम माहा दोस्त," यादोराव म्हणाले. "प्रफुल्लनं बापाले काही कमी केलं नाही. अकरा दिवस ठेवलं."

गावानं मान हलवली.

"पन श्यामले काय पाहिजे होतं, ते कोनाले माहीत आहे का? मले नाही माहीत. पन्नास वर्षांचा दोस्त, मले नाही माहीत. कारन प्रफुल्लले मीच सांगतलं होतं, का बापाजवळ बोलू नको. त्याचे हात बांधून ठेवले होते. त्यात प्रफुल्लची चुकी नाही. या गावात चांगला पोरगा कसा असते, ते त्याले मी शिकवलं. इथंच उभं राहून."

मान हलवणं थांबलं. यादोरावांनी शर्टाच्या खिशातून कागद काढला.

"आता माहं सांगतो. मले कॅन्सर आहे."

शेडखाली एक आवाज उठला. बातमी नवी होती म्हणून नव्हे. ती तर सगळ्यांना चार महिन्यांपासून ठाऊक होती. पेशंटनं ती अशी सांगावी, हे नवं होतं.

"सूज नाही. घरच्याइले वाईट वाटू नाही म्हनून मी आतापर्यंत सुजेतच होतो. मले नागपूरच्या काचेत नाही मराचं. घरी मराचं आहे. दुखलं तर दवा द्या, तहान लागली तर पानी द्या, बाकी काही नका करू. माह्या कैलाशले हे जमते, पन त्याले तुमचं भेव आहे. उद्या त्यानं मले घरीच ठेवलं, तर तुमी त्याले नावं ठेवसान. म्हनून इचारतो. ज्याले वाटते का कैलाशनं मले नळ्या लावल्याच पाहिजे, त्यानं आताच बोलावं. मांगून चहाच्या टपरीवर नाही."

कुणी कुणाकडे बघेना. सरपंचांनी घसा साफ केला आणि तो साफच ठेवला. यादोरावांनी मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सगळ्याइनं उभं राहावं. दोन मिनिटं मौन."

शोकसभेतलं दोन मिनिटांचं मौन आंधळगावात चाळीस सेकंदांचं असे. उन्हात उभं कोण राहणार? त्या दिवशी यादोरावांनी मनगटी घड्याळाकडे बघून पूर्ण एकशेवीस सेकंद घेतले. बंटीच्या खिशात फोन वाजला, लग्नातल्या बँडची धून. त्यानं तो खिशावरूनच दाबून धरला. दोघा-तिघांचे ओठ हलले. पण मौनात बोलणं कुणालाही जमलेलं नव्हतं, आणि यादोराव त्याच भरवशावर होते. ज्या गावानं आयुष्यभर तोंड उघडून त्यांच्या पोराला घाबरवलं, त्या गावाला त्यांनी दोन मिनिटं तोंड मिटून उभं केलं.

"मौन संपलं," ते म्हणाले. "कोनी काही बोललं नाही, हे सगळ्याइनं पाहिलं. तेरवी येता सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारी."

संध्याकाळपर्यंत गावाचं निदान तयार झालं : गाठ डोक्यात चढली. डोक्याचा स्कॅन कुठं चांगला होतो, याची माहिती घेऊन चार जण घरी येऊनही गेले. कैलाशनं त्यांना चहा पाजला. बापाशी तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तो दुकानातून आला आणि अंगणात हात धुता धुता आईला म्हणाला, "बाबानं माही इज्जत घालवली. आता लोक काय म्हनतीन?"

निर्मलाबाई सुपात तांदूळ निवडत होती. चार महिन्यांत ती या विषयावर एक शब्द बोलली नव्हती.

"सभेत कोनी बोललं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग लोकाइचं नाव कायले सांगतं? तुले भेव वाटते म्हन ना. मले बी वाटते. घरात माह्या हातात गेले तर मी काय करू, म्हनून मी बी चूप होती." तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "पन मराचं त्याइले आहे, बापा. आपल्याले फक्त जवळ बसाचं आहे. तेवढं बी जमत नसंन, तर तसं सांग त्याइले."

कैलाश नळ बंद न करता तिथंच उभा राहिला. पाणी वाहत राहिलं, आणि निर्मलाबाईनंही ते बंद कर म्हणून सांगितलं नाही.

तेरवी झाल्यावर दोन मोटारसायकली मोहाडीला निघाल्या. एकीवर कैलाश आणि यादोराव, मधे टेकायला उशी. दुसरीवर दोन साक्षीदार : टोपीखाली मुंडण लपवलेला प्रफुल्ल, आणि बंटी. प्रफुल्ल आदल्या संध्याकाळी स्वतःहून येऊन म्हणाला होता, "काकाजी, सही मी करतो." बंटीनं आपलं मन बदलण्याचं कारण सांगितलं नाही. दीडशे लोक गप्प राहिले, तर आपल्या एकट्यावरच कोण ठपका ठेवणार, असा हिशेब त्यानं केला असावा.

तहसील कचेरीच्या शेजारी नोटरीच्या टेबलापुढे रांग होती. शपथपत्रं, जातीचे दाखले, घराचे नकाशे. नोटरीसाहेबांनी कागद वरून खाली बघितला, मग यादोरावांकडे बघितलं.

"वाचलं का तुम्ही हे?"

"चष्मा घरी राहिला," यादोराव म्हणाले. चष्मा बंडीच्या आतल्या खिशात होता.

"मग कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवा. त्याशिवाय मी शिक्का मारत नाही."

सगळ्यांनी कैलाशकडे बघितलं. त्यानं कागद हातात घेतला.

"मी, यादोराव निमजे, वय अडुसष्ट, राहणार आंधळगाव, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो, की मला स्वादुपिंडाचा..." तो थांबला.

"वाचा," नोटरी म्हणाले.

"बाबा, इथून पुढं तुमीच..."

"मले दिसत नाही बापा."

"...स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे," कैलाश म्हणाला. शाळेत चुकीचं उत्तर देणाऱ्या पोरासारखा, पुटपुटत.

"असं का!" यादोराव म्हणाले. "आन मले कोनी सांगतलंच नाही."

आधी बंटी हसला आणि लगेच प्रफुल्लकडे बघून थांबला. मग प्रफुल्लच हसला, नाक ओढत. कैलाशनं बाहीनं डोळे पुसले आणि पुढचं एका दमात वाचलं. श्वासाचं यंत्र लावू नये. छातीवर दाब देऊ नये. मला माझ्या घरी ठेवावं. मला बोलता आलं नाही, तर माझ्या वतीनं माझा मुलगा कैलाश बोलेल. शेवटच्या ओळीशी येऊन तो परत वर गेला, बोट ठेवून एक ओळ दुसऱ्यांदा वाचली, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"साहेब, थांबा जरा. दुखन्याचं यात नीट लिहिलेलं नाही. 'औषध द्यावं' एवढंच आहे. गिळता नाही आलं तर कोनतं द्याचं, रातच्यानं लागलं तर कोनाले बलवाचं, ते काहीच नाही."

"मागे रांग आहे," नोटरी म्हणाले.

"असू द्या. काम मरनाचं आहे, घाईत नाही करत." कैलाशनं फोन काढला आणि नंबर लावला. पलीकडून आवाज नीट येत नसावा, कारण त्यानं एक कान बोटानं बंद केला आणि गर्दीतच ओरडून बोलायला लागला. "सिस्टर, मी कैलाश निमजे, आंधळगाववरून. माह्या बाबाले कॅन्सर आहे ना, त्याइचाच कागद करून राहिलो. हो, कॅन्सर, स्वादुपिंडाचा. मले हे सांगा, गोळी गिळता नाही आली तर..."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी यादोरावांना बसायला बाकावर जागा करून दिली. कैलाशनं टेबलावरचा नोटरीचाच पेन उचलला, कागद उलटा केला, आणि सिस्टर जे सांगत होती ते त्याच चढ्या आवाजात पुन्हा म्हणून दाखवत, कोऱ्या बाजूवर उतरवून घ्यायला सुरुवात केली.